जड चाके ट्रकला किती मागे खेचतात? ड्रॅग स्ट्रिपवरचा हिशेब आणि दहापटीचा गैरसमज

पिकअप ट्रकला मोठी, रुंद आणि खोल नक्षीची चाके लावली की गाडीचा रुबाब वाढतो, पण तिची चपळाई कमी होते, असा अनुभव अमेरिकेतील ट्रकमालक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तेथे फोर्डची एफ-मालिका चार दशकांहून अधिक काळ सर्वाधिक खपाच्या ट्रकचे स्थान टिकवून आहे. नव्या ट्रकची चाके बदलणे हा तेथे मोठा बाजार आहे आणि आठवड्याच्या अखेरीस तोच ट्रक ड्रॅग स्ट्रिपवर नेऊन त्याची वेळ मोजून घेणे हा अनेकांचा छंद. या मंडळींत एक ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या फिरत आला आहे : चाकात वाढलेला एक किलो हा गाडीवर लादलेल्या दहा किलोंच्या बरोबरीचा असतो. कोणी हा आकडा चार सांगतो, कोणी आठ.

भौतिकशास्त्र मात्र दोनच्या पुढे जाऊ देत नाही. वेगवृद्धीपुरते बोलायचे तर चाकातील एक किलो फार तर दोन किलोंसारखा वागतो, प्रत्यक्षात त्याहूनही थोडा कमी. तरीही मोठी चाके लावल्यावर ट्रक मंदावतो हे खरेच आहे. त्या मंदावण्याचे सगळे खापर वजनावर फोडल्यामुळे खरे कारण बाजूला राहते आणि मालकाचा पैसा चुकीच्या जागी खर्च होतो, म्हणून हा हिशेब सविस्तर पाहणे आवश्यक ठरते.

एक साधा प्रयोग घरीही करता येतो. तिरप्या फळीवरून एक बांगडी आणि एक नाणे एकाच वेळी सोडावे. नाणे आधी खाली पोहोचते, बांगडी मागे राहते. दोन्ही वस्तूंना गुरुत्वाकर्षणातून मिळणारी ऊर्जा आपापल्या वजनाच्या प्रमाणातच मिळते, पण ती दोन कामांत वाटली जाते : पुढे सरकणे आणि स्वतःभोवती फिरणे. बांगडीचे सगळे वस्तुमान कडेला असल्यामुळे तिची निम्मी ऊर्जा फिरण्यातच खर्च होते. म्हणजे बांगडी आपल्या दुप्पट वजनाच्या, न फिरता घसरत जाणाऱ्या वस्तूइतकी जड भासते. नाण्याचे वस्तुमान केंद्रापासून कडेपर्यंत सारखे पसरलेले असते, त्यामुळे त्याचे भासमान वजन दीडपट होते.

ट्रकचे चाक या दोहोंच्या मधले आहे. मधला भाग आणि आरे केंद्राजवळ असतात, रिमचा कडा बाहेरच्या बाजूला आणि टायरचा रस्त्याला टेकणारा जाड पट्टा सर्वांत बाहेर. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव जशी परिघावर बसते, तसाच हा पट्टा. त्यामुळे रिम आणि टायर मिळून चाकाचा गुणक साधारण दीड ते पावणेदोनच्या आसपास येतो. संपूर्ण वजन परिघावरच आहे अशी टोकाची कल्पना केली तरी दोन ही कमाल मर्यादा ओलांडता येत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. जडत्व आघूर्ण त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, मग मोठ्या व्यासाचे चाक कितीतरी जड भासायला नको काय? आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. चाक मोठे झाले की त्याच वेगाने जाताना ते कमी फेरे घेते. फिरण्याची ऊर्जा फेऱ्यांच्या गतीच्या वर्गावर अवलंबून असल्याने त्रिज्येचा वर्ग एका बाजूने वाढतो आणि दुसऱ्या बाजूने तितकाच कापला जातो. शेवटी उरते ते वजन आणि ते वजन चाकाच्या त्रिज्येच्या तुलनेत किती बाहेर बसले आहे एवढेच.

दहापटीचा आकडा बहुधा इंजिनाच्या फ्लायव्हीलशी झालेल्या गल्लतीतून आला असावा. फोर्डच्या एफ-१५० मधील दहा गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे ४.७ आहे. त्याला मागच्या ॲक्सलचे ३.५५ हे गुणोत्तर लावले, तर चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन १६ ते १७ वेळा फिरते. इंजिनाच्या फिरत्या भागांचे जडत्व या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे पावणेतीनशेहून अधिक पटीने, चाकांपर्यंत पोहोचते. म्हणूनच फ्लायव्हीलमधील किलोभर वजनाची घट पहिल्या गिअरमध्ये मोठी जाणवते आणि वरच्या गिअरमध्ये विरून जाते. चाकाच्या बाबतीत असे काही घडत नाही. चाक गिअरपेटीच्या पलीकडे, रस्त्यालगत असते. त्याचा गुणक पहिल्या गिअरमध्ये जो, तोच शेवटच्या.

आता हा गुणक घड्याळात कसा दिसतो ते पाहू. ड्रॅग स्ट्रिप म्हणजे पाव मैलाची, ४०२ मीटरची सरळ धाव. अमेरिकेत या खेळाची सुरुवात विमानतळांच्या मोकळ्या धावपट्ट्यांवर झाली. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९५० मध्ये अशा नियमित शर्यती भरू लागल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संघटना स्थापन केली. आज स्पर्धकाच्या हाती धाव संपल्यावर एक चिठ्ठी पडते. तिच्यावर ६० फुटांपासून १,३२० फुटांपर्यंतच्या टप्प्यांच्या वेळा असतात आणि अखेरच्या ६६ फुटांतील सरासरी वेगही असतो.

वजन, शक्ती आणि वेळ यांचे नाते या खेळातील लोकांनी आधी अनुभवाने ओळखले होते. १९७३ मध्ये जेफ्री फॉक्स यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मधील लेखात ड्रॅग शर्यतीच्या भौतिकशास्त्राची मांडणी केली. गाडीला जवळपास स्थिर शक्ती मिळते असे मानले, तर ठरावीक अंतर कापण्याचा वेळ वजन भागिले शक्ती या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात येतो. घनमुळामुळे परिणाम सौम्य होतो. वजन एक टक्क्याने वाढले तर वेळ सुमारे एक तृतीयांश टक्क्याने वाढतो.

उदाहरणादाखल चालकासह २,४०० किलोचा आणि पाव मैल १५ सेकंदांत कापणारा पिकअप घेऊ. त्याचे मूळ चाक टायरसह ३२ किलोचे आणि नवे ४७ किलोचे आहे असे समजू. चिखलासाठीचे जाडजूड टायर आणि रुंद रिम घेतल्यास एवढी वाढ सहज होते. चार चाकांचे मिळून ६० किलो वाढले. पावणेदोनचा गुणक लावला की ट्रकला ते १०५ किलोंसारखे भासतील, म्हणजे साधारण चार टक्के वाढ. पंधरा सेकंदांच्या धावेत त्याची किंमत सुमारे दोन दशांश सेकंद. हेच ६० किलो मागच्या हौद्यात पोत्यात भरून ठेवले असते तर एक दशांशापेक्षा थोडा अधिक फरक पडला असता. दहापटीचा ठोकताळा खरा असता तर मात्र ट्रक एका सेकंदाहून अधिक मागे पडायला हवा होता. तसे वजनामुळे घडत नाही.

दोन दशांश हा आकडा ऐकायला किरकोळ वाटेल. अशा ट्रकचा अंतिम रेषेवरील वेग ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला दोन दशांश सेकंदांत आठ मीटर कापले जातात, म्हणजे पूर्ण आकाराच्या पिकअपच्या लांबीपेक्षा जास्त. शर्यत जिंकण्याला आणि हरण्याला एवढे अंतर पुरेसे आहे.

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंतच्या वेळेत मात्र हाच फरक अधिक ठळक दिसतो. स्थिर शक्तीच्या गणितात ठरावीक वेग गाठण्याचा वेळ थेट वजनाच्या प्रमाणात वाढतो, घनमुळाच्या नाही. चार टक्के भासमान वजन वाढले की हा वेळही जवळपास चार टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’ या नियतकालिकाने २०१० मध्ये फोक्सवॅगन गोल्फवर १५ ते १९ इंची चाके एकामागून एक लावून चाचण्या घेतल्या होत्या. १५ वरून १९ इंचांवर जाताना शून्य ते ६० मैलांच्या वेळेत सुमारे चार टक्के आणि इंधन-कार्यक्षमतेत सुमारे दहा टक्के घसरण आढळली. गोल्फ ही छोटी गाडी आहे, पण गणिताचा नियम तोच आहे. शिवाय वजनाबरोबर टायरची रुंदीही वाढली होती, म्हणजे ते चार टक्केही सगळे वजनाचे नव्हेत.

मग ट्रकमालकांना जाणवणारी मोठी मंदी येते कोठून? मुख्यतः व्यासातून. वजनाची चर्चा जितक्या उत्साहाने होते तितकी व्यासाची होत नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल, कारण तो टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांतूनच काढता येतो.

२७५/५५ आर २० या नेहमीच्या मापाच्या टायरचा व्यास ३२ इंचांच्या जवळ भरतो. त्या जागी ३५ इंची टायर आला की व्यास साडेनऊ टक्क्यांच्या पुढे वाढतो. इंजिनाने ॲक्सलला दिलेला पीळ तेवढाच राहतो, पण तो रस्त्यापर्यंत पोहोचवणारा हात लांबला. परिणामी प्रत्येक गिअरमध्ये रस्त्यावर पडणारा रेटा सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. ३.५५ गुणोत्तराचा ॲक्सल काढून कोणी गुपचूप ३.२४ चा बसवावा, तसाच हा प्रकार. सायकल चालवणाऱ्याला हे चटकन समजेल : पुढची दातेरी चकती मोठी घेऊन चढावर निघाल्यासारखे होते.

याचा सर्वाधिक फटका पहिल्या ६० फुटांत बसतो. तेथे ट्रक पहिल्याच गिअरमध्ये असतो आणि रेटा कमी पडला तर त्याला दुसरा पर्याय नसतो. नऊ टक्के रेटा घटला की ६० फुटांची वेळ चार-पाच टक्क्यांनी, म्हणजे साधारण एक दशांश सेकंदाने वाढते. सुरुवातीला गमावलेला दशांश अंतिम रेषेपर्यंत दीडपट होतो, असा शर्यतपटूंचा अनुभव आहे. दहा गिअरच्या आधुनिक पेट्या पुढच्या टप्प्यात हे नुकसान बरेचसे सावरतात, कारण इंजिनाला त्याच्या शक्तीच्या शिखराजवळ ठेवणारा कोणता ना कोणता गिअर हाताशी असतो. चार गिअरच्या जुन्या ट्रकला ती सोय नाही आणि तेथे व्यासाचा तोटा वजनाच्या तोट्याला सहज मागे टाकतो.

त्यात चिखली टायरचा जादा लोळण-अवरोध आणि ट्रक उंच केल्यामुळे वाढलेला वाऱ्याचा विरोध यांची भर पडते. पिकअपचा आकार मुळातच वाऱ्याला अनुकूल नसतो. ताशी १४५ किलोमीटरला केवळ हवा बाजूला सारण्यासाठी सुमारे ७० अश्वशक्ती खर्ची पडते. तथापि हा भार धावेच्या शेवटच्या भागात जाणवतो, सुरुवातीला नाही.

व्यासाचा उपाय ठाऊक आहे. ॲक्सलचे गुणोत्तर व्यासाच्या प्रमाणात वाढवावे. आपल्या उदाहरणात ते ३.८९ व्हायला हवे. कारखान्यातून मिळणारे ३.७३ घेतल्यास निम्मे नुकसान भरून निघते. फोर्डने आपल्या रॅप्टर या वाळवंटी ट्रकला ३५ आणि ३७ इंची टायर दिले, त्याच्या ॲक्सलला ४.१० चे गुणोत्तर दिले ते याच कारणाने. वजनाला मात्र असा उपाय नाही. जड चाक बदलून हलके चाक लावणे एवढेच हाती असते आणि हलकी, घडीव ॲल्युमिनियमची चाके स्वस्त नसतात. फोर्डच्याच मस्टँग शेल्बी जीटी ३५० आर या मोटारीला कार्बन फायबरची चाके मिळाली, तेव्हा प्रत्येक चाकाचे वजन सुमारे १५ किलोंवरून आठ किलोंवर आले, असे कंपनीने सांगितले होते. मोटारीसाठी हे ठीक आहे, पण माल वाहणाऱ्या ट्रकच्या मालकाने तो खर्च कोणत्या दशांशासाठी करावा, हा प्रश्न उरतोच.

पकडीचा मुद्दा या हिशेबाला थोडी कलाटणी देतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो आणि केवळ मागची चाके चालणारा ट्रक जोरात निघाला की ती जागीच फिरतात. अशा वेळी वेगवृद्धीवर मर्यादा इंजिनाची नसून रस्त्यावरील पकडीची असते. मग मागच्या चाकांना फिरवण्यासाठी लागणारी जादा ऊर्जा इंजिनाच्या वाया जाणाऱ्या जोरातूनच भागते आणि तिचा तोटा जवळजवळ दिसत नाही. पुढची चाके मात्र रस्त्याच्या घर्षणाने फिरतात, त्यामुळे त्यांचे वजन नेहमीच भोवते. ड्रॅग स्ट्रिपवरील मुरलेले लोक पुढे अरुंद, हलकी चाके लावतात आणि मागे लहान रिमवर उंच, मऊ बाजूंचा टायर चढवतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. बाजारात दिसते ते नेमके उलटे : मोठी रिम आणि तिच्यावर पातळ टायर. रिम मोठी होते तसा धातू परिघाकडे सरकतो आणि रबर-कापडाच्या बाजूपेक्षा धातू सहसा जड असतो.

चाके बदलल्यावर वेळ मोजण्यात दोन फसवे खड्डे आहेत. पहिला वेगमापकाचा. टायर मोठा झाला आणि गाडीच्या संगणकात नोंद बदलली नाही, तर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. १०० दिसत असताना गाडी ११० च्या आसपास असते. काटा पाहून ‘शून्य ते शंभर’ मोजणाऱ्याला ट्रक आहे त्यापेक्षा कितीतरी मंद वाटतो. जड चाकांच्या अनेक भयकथांचे मूळ येथे असावे. दुसरा खड्डा उलट दिशेचा आणि अगदी छोटा आहे. स्ट्रिपवरचे घड्याळ हिरवा दिवा लागताच सुरू होत नाही. पुढचे चाक जमिनीलगतच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडले की ते सुरू होते. मोठे चाक तो किरण किंचित जास्त काळ अडवून धरते, त्यामुळे घड्याळ सुरू होण्याआधी ट्रकला दीड-दोन सेंटीमीटरची जादा धाव मिळते. फायदा सेकंदाच्या एखाद्या शतांशाचा, पण तो चिठ्ठीवर उतरतो.

हवामानाचा प्रभाव तर चाकांना झाकून टाकतो. अमेरिकेत डेन्व्हरजवळची बँडिमिअर ही प्रसिद्ध स्ट्रिप समुद्रसपाटीपासून सुमारे ५,८०० फूट उंचीवर होती. ती २०२३ मध्ये बंद झाली. तेथील हवा समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत सुमारे सहाव्या हिश्शाने विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण तेवढीच घटते आणि १५ सेकंदांचा ट्रक तेथे १६ सेकंदांच्या जवळ जातो. उन्हाळ्यातल्या दुपारची वेळ हिवाळ्यातल्या सकाळशी ताडून चाकांबद्दल निष्कर्ष काढणे म्हणूनच व्यर्थ ठरते. चाचणी करायचीच तर एकाच दिवशी, आधी मूळ चाकांवर, मग नव्या आणि पुन्हा मूळ चाकांवर धावावे. नंतर चिठ्ठी वाचावी. ६० फुटांची वेळ बिघडली आणि अंतिम वेग जवळपास तोच राहिला, तर दोष व्यासाचा किंवा पकडीचा. वेळ वाढण्याबरोबर अंतिम वेगही त्याच प्रमाणात घसरला, तर वजन किंवा वारा.

वेगाची चर्चा संपली तरी गाडी थांबवणे बाकी असते आणि हा विषय दशांशांपेक्षा गंभीर आहे. वेग घेताना चाकात साठवलेली जादा ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. वाढलेला व्यास येथेही आड येतो : ब्रेकची पकड तीच, पण चाकाचा हात लांब, म्हणून त्याच पायजोरात रस्त्यावरचा रोध नऊ टक्क्यांनी कमी. एका थांब्यात हे जाणवणार नाही. घाट उतरताना किंवा मागे जड ट्रेलर असताना ब्रेक वारंवार तापू लागले की जाणवते. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने खड्ड्यातून उसळलेले जड चाक पुन्हा रस्त्याला टेकायलाही वेळ लावते, आणि रस्त्याला न टेकलेले चाक ब्रेक लावूनही काही रोखत नाही.

भारतात पूर्ण लांबीच्या कायमस्वरूपी ड्रॅग स्ट्रिपची संस्कृती रुजलेली नसली, तरी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने सरळ धावेच्या शर्यती झाल्या आहेत. टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉससारखे पिकअप येथील रस्त्यांवर दिसू लागले आहेत आणि त्यांच्याबरोबर मोठ्या चाकांची हौसही आली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. चाक-टायरचे माप बदलण्यापूर्वी उत्पादकाने त्या मॉडेलसाठी कोणती मापे मान्य केली आहेत, हे वाहनाच्या पुस्तिकेत आणि चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर पाहता येते.